विठाबाईंची साक्ष

धोंडाबाईंचा दावा एकतीस वर्षं चालला होता, आणि त्यातली शेवटची बारा वर्षं त्या कोर्टात बजरंगच्याच जीपमधून जात होत्या. दावा बजरंगविरुद्धच होता. पण नाणे मावळातून तालुक्याला जाणारी सकाळची एसटी बंद झाल्यापासून दुसरी सोय नव्हती. तारखेच्या दिवशी तो दारात हॉर्न वाजवी, "चला काकी, भांडायला उशीर व्हतोय," म्हणे आणि पुढची सीट त्यांना देई.

दावा वाटेचा. ओढ्यापलीकडे धोंडाबाईंची दोन भातखाचरं होती. तिकडे जाणारी गाडीवाट बजरंगच्या वडिलांनी, सखारामने, नांगरून टाकली, असं धोंडाबाईंच्या नवऱ्याचं म्हणणं. वाट कधी नव्हतीच, असं सखारामचं. पुढे दोघंही वारले. एक जण वारला की त्याचे वारस लावायचे, वारसांना नोटिसा काढायच्या, नोटीस बजावली गेली नाही म्हणून पुढची तारीख घ्यायची. नुसत्या यात दहा वर्षं गेली. डोक्यावरून रोपं वाहणारी माणसं मिळत होती तोवर खाचरं लावली जात. आता सगळं पॉवर टिलरवर, आणि टिलरला वाट नाही. खाचरं चार वर्षं पडीक होती. कैलास, त्यांचा मुलगा, तळेगावच्या कारखान्यातून फोनवर सांगे, विकून टाक. धोंडाबाईंना मात्र डोळ्यांदेखत तिथं एकदा तरी आवणी, भाताची लावणी, झालेली बघायची होती.

मग नव्या न्यायाधीश बाई आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी पुढच्या सगळ्या तारखा एकदम ठरवल्या आणि त्या कागदावर दोन्ही वकिलांच्या सह्या घेतल्या. नंतर विचारलं, ती जागा त्या काळी पाहिलेलं कोण हयात आहे? सगळ्यात वयस्कर असेल त्याची साक्ष आधी घेऊ.

नाव दोघांनाही ठाऊक होतं. विठाबाई, वय नव्वदीच्या पुढं. त्या सखारामची सख्खी बहीण, म्हणून धोंडाबाईंच्या बाजूने त्यांना कधी साक्षीला घातलं नाही. धोंडाबाईंच्या नवऱ्याला त्या दरसाल भाऊबीजेला ओवाळायच्या, म्हणून सखारामनेही घातलं नाही.

विठाबाईंना चालवत नव्हतं. साक्ष घरीच घ्यायला कोर्टाने नसीम नावाच्या वकील बाईंना नेमलं. त्यांनी विठाबाईंच्या पडवीत, धोंडाबाई, बजरंग आणि दोघांच्या वकिलांसमोर, पाटावर लॅपटॉप ठेवला, शपथ दिली आणि वाट होती का, ते विचारलं.

"व्हती की," विठाबाई म्हणाल्या. "आवणीच्या इर्जिकीला, एकमेकींच्या रानात राबायला, समद्या बाया रोपांच्या मुठी घेऊन तितनंच जायचो. मागनं बैलगाडी."

धोंडाबाईंनी पदर सारखा केला. बजरंग जमिनीकडे बघत राहिला. नसीमबाईंनी उत्तर टाइप करून मोठ्याने वाचून दाखवलं आणि वाट कुणाच्या हद्दीत होती ते विचारलं.

"दोघांच्या बी. मधी हद्दीचे दगूड. एक चाक सखारामच्या रानातनं, एक हिच्या मालकाच्या."

"मग मोडली कुणी?"

"पयल्यांदा हिच्या मालकानं. खाचर वाढवलं त्यानं. मग गाडीची दोन्ही चाकं सखारामच्या रानात जायाला लागली, तवा त्यानं बी नांगर घातला."

धोंडाबाईंचे वकील घाईने उठले. एवढ्या वयाच्या साक्षीदाराची आठवण ग्राह्य धरता येणार नाही, असं काही ते नोंदवायला सांगू लागले. धोंडाबाईंना ते वाढवलेलं खाचर चांगलं आठवत होतं. त्यात पहिली मूठ त्यांनीच लावली होती. कोर्टाच्या कागदात ते कुठं आलं नव्हतं, आणि त्यांनीही आपण होऊन तो विषय कधी काढला नव्हता.

"ऱ्हाऊ द्या, वकीलसाहेब," त्या म्हणाल्या. "ती बोलली तसंच लिवा. खरं हाय ते."

बजरंग वर बघून म्हणाला, "आत्या, एवढं ठावं व्हतं, मग आजवर बोलली का न्हाईस?"

"इचारलं कुनी?" विठाबाई म्हणाल्या आणि अंगठा उठवायला हात पुढे केला.

पुढच्या तारखेला तडजोडीचा कागद झाला. दोघांनी आपापल्या हद्दीतली चाकापुरती जागा सोडायची. मोजणीवाल्याने जुने दगड शोधून खुणा केल्या, आणि ज्येष्ठात पॉवर टिलर त्या वाटेने ओढ्यापलीकडे उतरला. तो आणायला बजरंगच गेला होता.

धोंडाबाईंचं खाचर रोपांच्या चार ओळींनी कमी भरलं. आवणीच्या दिवशी पहिली मूठ घेऊन त्या सवयीने जुन्या कडेला गेल्या, खूण बघितली आणि एका चाकापुरती जागा सोडून, आत सरकून वाकल्या.