एकदाच घासायचं

भिंगरीला सोळावं लागलं आणि आईच्या क्रेडिट कार्डाला एक धाकटं जोडकार्ड फुटलं. आई औषधांच्या दुकानात कामाला. तिनं कार्ड लेकीच्या तळहातावर ठेवलं तेही गोळीसारखंच. "महिन्यातून एकदाच. नीट विचार केल्यानंतर. बिल आलं की त्याच दिवशी, पूर्ण. आणि पिन कुणाच्या नजरेला पडता कामा नये. महिनाभर जमलं तर कार्ड तुझं. नाही तर कात्री."

भिंगरी शहाण्यासारखी वागली. दुकानांच्या काचा डोळे मिचकावायच्या, ही मान वळवून पुढे. फक्त पिन काही केल्या पाठ होईना, म्हणून तिनं तो कार्डाच्या पाठीवर काळ्या मार्करनं लिहून टाकला.

डब्यात साठलेल्या पैशांत बसतील असे चाकांचे बूट तिनं हेरले होते, बाबांच्या लॉन्ड्रीशेजारच्याच दुकानात. पण सवलत महिन्याच्या शेवटच्या दिवशी बारापर्यंतच आणि शाळा सुटणार एकला. मग त्या दिवशी सकाळी तिनं कार्ड बाबांच्या गल्ल्यावर ठेवलं, सोबत चिठ्ठी: 'बाबा, बाराच्या आत कार्ड घासून ठेवा. एकदाच! शेजारचे काका बूट देतील.'

बाबांचा सारा जन्म रोखीत गेलेला, आणि घासण्यात. चिठ्ठी वाचून त्यांना भरून आलं. लेकीनं पहिल्यांदाच बापाच्या कलेवर विश्वास टाकला होता! त्यांनी बाह्या सारल्या, शाईचे डाग घालवायची बाटली काढली, बारीक ब्रश घेतला आणि गुणगुणू लागले:

"घास रे हाता, सावकाश घास,
डाग गेला दूर, उरे साबणाचा वास."

एकला भिंगरी धापा टाकत आली. पाठोपाठ जेवणाच्या सुट्टीत आईही आली, महिन्याचा निकाल लावायला.

"बाबा, घासलंत?"

"घासलं म्हणजे? चेहरा बघून घे त्यात!"

कार्ड कोरं करकरीत होतं. नाव नाही, आकडे नाहीत, बँकेचं चिन्हसुद्धा नाही.

"अहो, हे काय करून ठेवलंत?"

"तिनंच लिहिलंय. एकदाच घासलं, पण पाऊण तास! पुढचे डाग गरीब होते गं. पाठीवरचा मात्र महाहट्टी. एक-नऊ-सहा-दोन. मार्कर असणार. आणि ते बूट अजून धुवायला आलेच नाहीत."

आईनं सावकाश मान वळवली. "पाठीवरचा?"

"पाठ होत नव्हता, आई."

"म्हणून पाठीवर? आणि वर कार्ड दुसऱ्याच्या हाती?"

"बाबा दुसरे कुठे?"

"हे तर पहिल्या नंबरचे! कात्री आण. आधी बँकेला फोन लाव."

भिंगरीनं रडवेल्या तोंडानं फोन लावला. पलीकडून मंजुळ आवाज आला, "कार्डावरचे सोळा आकडे सांगा."

तिघांनी कोऱ्या कार्डाकडे पाहिलं.

"मला पाठ आहेत की!" बाबा खुलले. "एकेक हातानं काढलाय." आणि त्यांनी भर दुकानात खड्या आवाजात सूर लावला, "चार रे हाता, सात रे बोटा..." गल्ल्यापुढे पडदे घेऊन आलेल्या बाई ताल धरू लागल्या, गणवेश न्यायला आलेला बसचालक कान टवकारून उभा.

भिंगरीनं झेप घेतली. बापाच्या तोंडावर हात दाबला आणि त्यांना टांगलेल्या कोटांच्या मागे ढकलत नेलं. "कानात, बाबा! फक्त माझ्या कानात!"

"थांबलात का हो? चाल गोड होती," पडदेवाल्या बाई म्हणाल्या.

कोटांमागून कुजबुज येत राहिली. मग भिंगरीचा ठाम आवाज आला, "हो, हे बंद करा. बिल किती? शून्य? बरं. नव्या कार्डाचा पिन माझा मी ठरवीन. नाही, आत्ता नाही सांगत, इथं माणसं आहेत."

आई कात्री हातात घेऊन ऐकत होती. भिंगरी बाहेर आली तशी तिनं कोरं कार्ड कचकन कापलं, दोन तुकडे केराच्या डब्यात टाकले.

"आणि नवं येईल ते?" भिंगरीनं विचारलं.

आईच्या ओठांचा कोपरा हलला. "आणखी एक महिना. मात्रा तीच."

भिंगरीनं अशी गिरकी घेतली की चार कोट खाली आले.