पेट्रोल उडू नये म्हणून

कल्पना करा, नागपुरात मे महिन्याची सकाळ आहे आणि तुम्ही एका जुन्या गाडीत बसला आहात. गाडी सुरू होते, गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जाते आणि बंद पडते. दीक्षाच्या आजोबांची, गोपाळरावांची गाडी सकाळपासून हेच करत होती.

"पुन्हा बंद पडली, तर मी बसनं कुही गावाले जाईन," आजी इंदूबाईंनी बजावलं. दीक्षाला मात्र गाडीतूनच जायचं होतं.

गोपाळरावांनी प्लग पुसले, वायरी तपासल्या. "जरा थांबलं की चालू होते, मग पुन्हा बंद. पेट्रोल येऊन नाही राहिलं."

"आबा, टाकीतूनच निघत नसंल तर?" दीक्षानं टाकीचं झाकण उघडलं. फुस्स! बाहेरची हवा आत शिरली. झाकणाखाली प्लास्टिकची पिशवी घट्ट बसवलेली होती.

"हे काहून लावलं?"

"उन्हानं पेट्रोल उडून जाते ना वं पोरी!"

इंदूबाई हसल्या. "टाकीले लोणच्याची बरणी समजले का तुमी?"

बाटलीला तोंड घट्ट लावून पाणी ओढत राहा. थोड्या वेळानं पाणी येईनासं होतं, कारण आत हवा जायला वाटच नसते. झाकणातलं हवेचं बारीक छिद्र पिशवीनं बंद केल्यानं टाकीचंही तेच झालं होतं. गाडी थांबली की थोडी हवा कशीबशी आत झिरपायची, म्हणून ती पुन्हा सुरू व्हायची.

पिशवी काढल्यावर गाडी चौकापर्यंत जाऊन न थांबता परत आली. मग दीक्षानं आजीचं सामान मागच्या सीटवर ठेवलं आणि खिडकीची जागा पटकावली.