बिनकाचेचा फोटो

मित्रांनो, मी एक जुना फोटो आहे. माझ्यात पाच मुलं बसली आहेत, पण चेहरे चारच आहेत. हे कसं झालं, ते सांगतो.

निजामाच्या राजवटीत लोहाऱ्याला एक नाटक कंपनी उतरली होती. तिला मार्कंडेयाच्या कामासाठी मुलगा हवा होता. मुलं तंबूबाहेर पोत्यांवर पाळीची वाट बघत बसली. इरम्मानं आपल्या लेकाच्या, शांतलिंगाच्या, कपाळी ओल्या बोटानं विभूती ओढली.

"अव्वा, पुरं की. तोंड पांढरं पडंल."

"महादेवाच्या पिंडीला मिठी मारणारं पोर मोकळ्या कपाळानं बसतंय व्हय?"

शेजारचा गुंडप्पा म्हणाला, "हा तर इथंच मार्कंडेय झाला. आमी घरी जाऊ का?"

मुलं हसली. तेवढ्यात कंपनीच्या फोटोग्राफरनं मला टिपलं.

निवड शांतलिंगाची झाली. कंपनी त्याला सोलापूरकडं घेऊन निघाली, तेव्हा मालकांनी मला काचेच्या चौकटीत बसवून इरम्माच्या हाती दिलं. लेक परत येईस्तोवर रोज त्याच्या कपाळी विभूती लावायची, असा तिनं नेम धरला. लिंगपूजा झाली, की ती माझ्यापुढं येई. पण विभूती काचेवरच राही. एके सकाळी तिनं काच काढून ठेवली.

शेजारीण रुद्रम्मा म्हणाली, "अगं, धूळ बसंल त्याच्यावर."

"बसू दे. काचेला लावून लेकाला पोचतंय व्हय?"

खोटं कशाला बोलू, मलाही ते बरं वाटलं. तिच्या बोटाची ऊब मला पहिल्यांदाच लागली.

पुढं रझाकारांचे दिवस आले. वाटा बंद झाल्या, सोलापूरची खबर येईना. इरम्माचं बोट माझ्यावर जास्तच टेकू लागलं. पाण्यानं आणि राखेनं आधी शांतलिंगाचं कपाळ गेलं, मग डोळे, मग हसूही गेलं. गुंडप्पाला कुणी हात लावला नव्हता. तो तसाच हसत राहिला.

पोलीस ॲक्शननंतर वाटा मोकळ्या झाल्या आणि शांतलिंग घरी आला. त्याला मिसरूड फुटलं होतं. त्यानं मला हातात घेतलं.

"अव्वा, समदे हाईत. म्या कुठं हाय?"

इरम्मानं आपल्या बोटाकडं पाहिलं. "म्याच पुसलं रं तुला. रोज थोडं थोडं."

मला कोनाड्यात ठेवून तो तिच्यापुढं जमिनीवर बसला आणि त्यानं कपाळ पुढं केलं.

"आता हितं लाव."

मित्रांनो, त्या दिवशी माझी काच परत बसली. तुमच्या घरातल्या जुन्या फोटोंना कोरड्या फडक्यानं पुसा, गंध-विभूती काचेवरच राहू द्या. आणि फोटोतलं माणूस घरात असेल, तर आधी त्याच्या कपाळावरून हात फिरवा. आम्हा फोटोंना त्याचा राग येत नाही.