शिडीने स्टूल मागितलं

गेली सहा वर्षं मी सहा फूट नऊ इंच उंच आहे. प्रत्यक्षात पाच फूट एक, तेही टाचेची चप्पल धरून. पण ‘वरून दिसतं ते’ हा ब्लॉग वाचणाऱ्या कुणालाही विचारा. हा माणूस दाराच्या चौकटींशी वाद घालतो, हॉटेलातल्या पंख्यांना नमस्कार करून आत शिरतो, न्हाव्याच्या दुकानात खुर्ची सोडून जमिनीवर बसतो आणि जगात त्याच्याइतका गमत्या बास्केटबॉल खेळाडू दुसरा नाही, असंच तो सांगेल. लोक त्याला शिडी म्हणतात. शिडी म्हणजे माझा धाकटा भाऊ, घरातला बाळ्या. आणि तो गमत्या माणूस म्हणजे मी.

हे काही ठरवून झालं नाही. क्लबने एका वर्षी फर्मान काढलं की प्रत्येक खेळाडूने ब्लॉग लिहायचा, प्रेक्षकांशी नातं जोडायचं. बाळ्याने लिहिलं, ‘आम्ही गेलो. सामना झाला. परत आलो. पाय दुखतो.’ मी तेव्हा शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासायचे, आजही तपासते. म्हटलं, दे इकडे, जरा नीट करते. नीट करता करता बसमध्ये त्याचे पाय कुठेच मावेनात आणि शेवटी ते ड्रायव्हरच्या शेजारी ठेवावे लागले, असं एक मी आपलं घुसवून दिलं. धादांत खोटं. पुढच्या सामन्याला लोक त्याचे पाय बघायला आले. तिथून मागे फिरायला वाटच उरली नाही. क्लबच्या मॅनेजरना आम्ही सांगितलं होतं की ताई फक्त फोटो काढते.

मोसम संपला की खेळाडूंना आठ आठवडे सुट्टी असते. बाकीचे घरी जाऊन ताणून देतात. शिडीला मात्र प्रवास करावा लागतो, कारण वाचक वाट बघत असतात. मग आम्ही दोघं निघतो. एक गाव, दोन दिवस, पुढचं गाव. खोलीत शिरल्यावर पहिलं काम म्हणजे पलंगावरची गादी खाली ओढायची आणि तिच्या पायथ्याशी माझी बॅग लावायची, कारण कुठलीही गादी बाळ्याच्या पोटऱ्यांपाशी संपते. मग तो गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून छताकडे बघत पडतो आणि मी बाहेर पडते. गल्ल्या मी हिंडते, पुलावर मी उभी राहते, दुकानदारांशी हुज्जत मी घालते. संध्याकाळी परत येऊन टाइप करायला बसले की तो डोळे न उघडता विचारतो, “आज मी काय केलं, ताई?”

“आज तू टोपीवाल्याशी भांडलास. त्याच्याकडे तुझ्या मापाची टोपी नव्हती, म्हणून त्याने दिव्यावरची शेड काढून तुझ्या डोक्यावर ठेवली.”

“बरं. फोटो?”

“उद्या सकाळी. दहाच मिनिटं. टोपीवाला तयार आहे.”

“बरं.”

ब्लॉग तो कधीच वाचत नाही. स्वतःचं एवढं कौतुक वाचवत नाही म्हणतो. मला तो विनय वाटायचा.

रस्त्यात लोक गाठतात. पाठीला पाठ लावून उंची मोजतात, फोटो काढतात आणि मग तसेच उभे राहतात. आता हा काहीतरी बोलेल आणि आपण पोट धरून हसू, अशी त्यांची तयारी असते. बाळ्या नुसता हसतो. मग मी मागून सांगते, “आज त्याचा घसा बसलाय हो.” सहा वर्षं झाली, त्याचा घसा बसलेलाच आहे.

या सगळ्यात लोकांचा लाडका प्रकार म्हणजे ‘वरची फळी’. त्याची सुरुवात मात्र खरी होती. तिसऱ्या वर्षी एका बटणांच्या दुकानात एक म्हातारी वरच्या फळीवरच्या डब्याकडे काठी नाचवत होती. बाळ्याने रस्त्यावरून जाता जाता आत हात घातला, डबा तिच्या समोर ठेवला आणि चालू पडला. एक शब्द बोलला नाही. मला तेव्हा त्याचा फार अभिमान वाटला होता, आणि अर्थातच मी त्याचं आठशे शब्दांचं भारूड केलं. तेव्हापासून दर गावात एक दुकान, दर दुकानात एक वरची फळी. नाकापेक्षा मोती जड झाला, दुसरं काय.

या वर्षी त्याचा करार संपत होता. वय चौतीस, आणि डावा गुडघा असा, की खोलीत तो उठला की मला आधी आवाज ऐकू यायचा आणि मग तो दिसायचा. क्लबने अजून हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं. त्याला आणखी एकच मोसम खेळायचं होतं. “एक वर्ष ताई, मग मी कुठे येणार-जाणार नाही,” असं तो प्रत्येक गावात एकदा तरी म्हणायचा. मी दर दोन तासांनी फोन बघायचे.

पाचव्या गावातलं दुकान दोरखंड, कुलपं, बादल्या असल्या सामानाचं होतं. दुकानदारबाई चष्मा डोक्यावर ठेवून चष्माच शोधत होत्या. वरच्या फळीवर त्यांच्या वडिलांच्या वेळची पत्र्याची झारी होती. बातमी आधीच फुटलेली, त्यामुळे पंधरा-वीस माणसं जमली होती. बाळ्याने हात वर केला. चार बोटं कमी पडली. तो चवड्यांवर उभा राहायला गेला आणि त्याचा डावा गुडघा आतल्या बाजूला गेला, भिजलेलं खोकं दबतं तसा. त्याने फळीचा खांब पकडला. चेहरा खडूसारखा पांढरा पडला होता. मग तो हळूच म्हणाला, “एक स्टूल मिळेल का?”

काय हशा पिकला! कुणी शिट्टी मारली. दुकानदारबाई हसून हसून बेजार होत स्टूल घेऊन आल्या. तो उजवा पाय आधी ठेवून, डावा मागून ओढून वर चढला, झारी काढली, बाहीने पुसली आणि त्यांच्या हातात दिली. टाळ्या पडल्या. कुणीतरी सगळं फोनवर टिपलं होतं.

परत येताना त्याने माझा खांदा धरला होता. माझा खांदा धरायला त्याला वाकावं लागतं, म्हणजे चालणं त्याला किती जड जात होतं ते कळेल. मी काही विचारलं नाही. मला कळलं होतं. त्या संध्याकाळी त्याने ‘आज मी काय केलं’ विचारलं नाही, आणि मी लिहिलं, ‘मंडळी, आज आयुष्यात पहिल्यांदा स्टुलावर चढलो. वरून सगळं नेहमीसारखंच दिसतं, फक्त धूळ जास्त असते.’

लोकांना वेड लागलं. घरोघरचे लंबूटांग भाऊ आणि दीर स्टुलांवर चढून फोटो टाकायला लागले. चौथ्या दिवशी दुपारी मॅनेजरांचा फोन आला. “ताई, शिडीने मैदान मारलं! वरच्यांनी लगेच होकार दिला. करार पाठवतोय, एका वर्षाचा.”

मी खोलीत अक्षरशः एक गिरकी घेतली. बाळ्या कोपरावर उठून बसला. त्याला असं हसताना मी वर्षभरात पाहिलं नव्हतं. “वाच,” म्हणाला.

फोनवर आलेला करार मी वाचायला लागले. क्लबच्या मैदानावरच्या सर्व सामन्यांना उपस्थिती. क्लबचा गणवेश. मध्यंतरात प्रेक्षकांशी गप्पा. आठवड्याला दोन लेख. सह्या.

“खेळायचं कुठे लिहिलंय?”

“ते धरलेलंच असणार ना.”

“सरावाचं?”

मी पानं मागेपुढे केली. वेलांटीसुद्धा नजरेतून न सुटणारी बाई मी. खेळ आणि सराव हे शब्द कुठेच नव्हते. आणि एक ओळ मी वाचताना गाळली होती. त्याने हात पुढे केला. मी फोन दिला नाही. त्याने तो माझ्या हातातून काढून घेतला, आणि त्याच्या हातांपुढे माझं काय चालणार. त्याने ती ओळ मोठ्याने वाचली, “मध्यंतरातील कार्यक्रमाचे साहित्य, उदाहरणार्थ स्टूल, क्लब पुरवील.”

मग त्याने ब्लॉग उघडला. सहा वर्षांत पहिल्यांदा. स्टुलाचा लेख ओठ हलवत, सावकाश, शेवटपर्यंत वाचला.

“तुला दिसलं होतं ना ताई? माझा गुडघा गेला ते?”

“हो.”

“आणि तू हे लिहिलंस.”

“लोक हसत होते, बाळ्या. मला वाटलं, लोकांना आवडलं तर क्लब तुला ठेवेल. तुझ्यासाठीच...”

“ठेवतोय की. स्टुलावर.” तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता थकलेला होता. “इतकी वर्षं मी का वाचत नव्हतो माहितेय? तो माणूस मला आवडायचा नाही. सारखा बडबडतो. मला भीती वाटायची, की लोकांना मी भेटलो की त्यांचा हिरमोड होतो. होतोच ना?”

मला माझी लाज वाटली.

“लॅपटॉप दे,” तो म्हणाला. “आणि हात लावायचा नाहीस. स्वल्पविरामालासुद्धा नाही.”

दोन बोटांनी टाइप करत त्याने तास घेतला. लिहिलं ते एवढंच: ‘माझा डावा गूडघा संपला आहे. त्या दिवशी स्टूल मागितलं ते गंमत म्हणून नाही. मी आता खेळणार नाही. आजवरचे लेख माझे नाहीत, माझ्या ताईचे आहेत. सामने बघायला येत होतात, आभारी आहे.’ त्याने बटण दाबलं, लॅपटॉप मिटला आणि आडवा झाला.

अर्ध्या तासात प्रतिक्रिया सुरू झाल्या. ‘शिडीचं अकाउंट कुणीतरी पळवलं.’ ‘हा रडका कोण? आमची शिडी असं लिहीत नाही.’ ‘शुद्धलेखनाची चूक! शिडीच्या लेखात आजवर एक सापडली नव्हती, म्हणजे हा दुसराच कोणी.’ ‘तू जो कोण असशील तो, आमचा माणूस परत दे.’ शेकड्यांनी. खोटं कशाला बोलू, मला आतून गुदगुल्या झाल्या. लोकांना मी हवी होते. माझा भाऊ माझ्यापासून दोन हातांवर पडला होता, त्याने आयुष्यात पहिल्यांदा लोकांशी चार खरी वाक्यं बोलून बघितली होती, आणि मला आनंद होत होता.

मॅनेजरांचा फोन आला. “ताई, कुणीतरी आत घुसलंय. लगेच पुसा ते. मी वर सांगतो हॅक झालं होतं. तासाभरात सगळं होतं तसं. करार पक्का आहे, काळजी नको.”

आवाज एवढा मोठा होता की बाळ्याला सगळं ऐकू गेलं असणार. तो डोळे मिटूनच म्हणाला, “पुसायचं तर पूस. मी परत लिहिणार नाही. एवढ्यालाच तास लागला.”

बोट त्या बटणावर होतं. पुसलं असतं तर सुट्टी संपताच मोसम सुरू होणार होता, बाळ्याच्या अंगावर गणवेश असणार होता आणि मी सहा फूट नऊ इंच राहणार होते.

“ते त्यानेच लिहिलंय,” मी मॅनेजरना म्हणाले. “आधीचं सगळं मी लिहिलं होतं.”

मग ते म्हणाले, “मग करार मागे घ्यावा लागेल, ताई.”

“घ्या.”

“थांबा, फोन ठेवू नका. तुमच्यासाठी काम आहे. नवा एक पोरगा घेतोय, तुमच्या भावाहून दोन इंच जास्तच आहे. तोंडच उघडत नाही हो. तुम्ही जर त्याच्यासाठी...”

“माझा घसा बसलाय,” मी म्हणाले आणि फोन ठेवला.

संध्याकाळ झाली तरी मी लॅपटॉप उघडला नाही. मुद्रितं काढली, दोन पानं तपासली, एकही अक्षर डोक्यात गेलं नाही. खिडकीखालून माणसं कामावरून घरी जात होती. बाळ्या झोपलाय असं मला वाटलं होतं.

“आज मी काय केलं, ताई?”

ओठांवर दहा गमती आल्या. सवयच ती.

“आज तू खेळणं सोडलंस,” मी म्हणाले.

“हं.” तो छताकडे बघत राहिला. डोळ्यांतून पाणी कानाकडे वाहत होतं, ते त्याने पुसलं नाही. मग त्याने माझ्याकडे मान वळवली. “आणि तू? तू काय केलंस आज?”

सहा वर्षांत हे त्याने मला कधी विचारलं नव्हतं. मी त्याच्या गादीच्या कडेला बसले आणि मनसोक्त रडले. त्याने सरकून जागा केली. नंतर बघितलं तर त्याच्या गुडघ्यावरच्या पिशवीतल्या बर्फाचं पाणी झालं होतं. मी डोळे पुसले आणि खाली जाऊन बर्फ मागून आणला.