मेलेले नव्हेत, सुन्न

“मेले ना सगळे?” मॅडमनी प्रयोगशाळेच्या दारातूनच विचारलं.

मदतनीस बाईंनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला नाही. काचेच्या बशीत टोमॅटोची मुळं पोखरणारे सूत्रकृमी ताठ पडले होते, दोऱ्याचे बारीक तुकडे पडावेत तसे. दिवसभर बुरशीच्या अर्कात ठेवलेले. त्यांनी एकाला सुईनं हलकेच टोचलं.

“मेले नाहीत, मॅडम. सुन्न झालेत.”

“चार वर्षं घातलीत मी या बुरशीत! परवा अनुदान देणारे पाहुणे येताहेत बघायला. तुमच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय बाई, नीट बघा जरा.”

बाईंना ते लागलं. एकोणतीस वर्षं त्या याच स्टुलावर बसून कृमी मोजत होत्या. “सासूबाई झोपेतसुद्धा किडे मोजतात,” असं सून हसून सांगायची. पण त्यांच्या आकड्यात कुणी कधी खोट काढली नव्हती. त्यांनी कृमी धुऊन स्वच्छ पाण्यात सोडले आणि त्या घरी गेल्या.

सकाळी येऊन बघतात तर मॅडम त्यांच्या स्टुलावर. बशीतले कृमी वळवळत होते.

“पाण्यात गेलं सगळं,” मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी तोंड फिरवलं.

बाईंचा राग कुठल्या कुठे पळाला. “अहो, मेले नाहीत तर नाहीत. पण सुन्न पडलेला किडा मुळापर्यंत पोचणार कसा? कुंडीत घालून बघा की.”

मॅडमनी त्याच दिवशी टोमॅटोची रोपं लावून कुंड्या भरल्या. कृमी सगळ्यांत, अर्क निम्म्यांतच. पाहुण्यांना त्यांनी खरं तेच सांगितलं. पाहुणे माना डोलावून निघून गेले. महिनाअखेरीस बाई निवृत्त झाल्या.

पुढं काही आठवड्यांनी मॅडमचा फोन आला. “रोपं उपटायचीत. मोजायला तुम्हीच या.”

फाटकावरचा नवा पहारेकरी त्यांना ओळखेना. त्यानं वही पुढं केली. ‘कामाचे स्वरूप’समोर बाईंनी लिहिलं : मोजणी.

मुळं नळाखाली हळूहळू धुतली. बिनअर्काच्या पहिल्या रोपाच्या मुळांना कृमींनी केलेल्या दोनशे अकरा गाठी. अर्काच्या रोपाला चौदा.

“चौदाच?” मॅडम मुळावर वाकल्या.

“थांबा, घाई नको.” बाईंनी चष्मा पुसला आणि ते पांढरं मूळ पुन्हा पाण्यात पसरलं. “परत एकदा मोजते.”