ढगोबांची रात्र

दुर्बिणीच्या रात्री वाटण्याचं काम मी बावीस वर्षं करतेय, आणि एवढ्या वर्षांत दुर्बिणीतून एकदाही पाहिलेलं नाही. दुर्बीण डोंगरावर, गाडीने तीन तास. मी इथे शहरात, दुसऱ्या मजल्यावर, झेरॉक्स मशीनच्या शेजारी. दुर्बीण एक, ती वापरणाऱ्या संस्था नऊ, आणि प्रत्येकाला चंद्र नसलेलीच रात्र हवी. सगळी विद्वान माणसं, पण रात्र मागायला आली की रांगेत मध्येच घुसणाऱ्यांसारखी वागतात. त्यांना वठणीवर आणायला माझ्यासारखीच खाष्ट बाई लागते, असं अध्यक्ष म्हणतात. मी ते कौतुक समजते.

पद्धत साधी आहे. सहा महिन्यांचं एक सत्र. अर्ज आले की त्यांवरची नावं मी काढते आणि नंबर घालते, म्हणजे समितीला ओळखपाळख दिसू नये. समिती गुण देते आणि यादीत एक रेघ मारते. रेघेच्या वर असतील त्यांना रात्री मिळतात. त्यातून वेळापत्रकात एखाद-दुसरी रात्र रिकामी उरते, ती रेघेखालच्या कोणालाही द्यायचा अधिकार माझा. नंबरामागचं नाव फक्त मला माहीत असतं. म्हणून एक नियम मीच घालून घेतला होता: अर्जदारांत नात्यातलं कोणी असेल तर अध्यक्षांना सांगायचं आणि त्या सत्राला वेळापत्रकाला हात लावायचा नाही.

या सत्राला मी अध्यक्षांना काही सांगितलं नाही. नंबर एकतीस माझी मुलगी होती.

तिच्या पीएचडीचं सहावं वर्ष चालू होतं आणि मार्चमध्ये नोंदणी संपणार होती. तिचा सगळा प्रबंध एका जोडताऱ्यावर. एक तारा दुसऱ्याच्या आड जातो, एकोणीस वर्षांतून एकदा, आणि तो सगळा खेळ पाच तासांत आटोपतो. यंदा तो नऊ नोव्हेंबरच्या रात्री होता. ती रात्र मिळाली तर प्रबंध, नाही तर सहा वर्षं पाण्यात. पोरगी घरात एक शब्द बोलत नव्हती, पण जेवताना ताटाकडे बघत बसायची. समितीने तिला रेघेच्या लगेच खाली टाकलं. आणि नऊ नोव्हेंबरची रात्र रिकामी उरली.

मी लगेच तिथे एकतीस लिहून मोकळी झाले असते. पण तीच रात्र आणखी एकाने मागितली होती. यादीत अगदी तळाला, नंबर चव्वेचाळीस. ढगोबा.

ढगोबा हे नाव आमच्या ऑफिसने ठेवलेलं. दुर्बिणीचा आरसा बसवणाऱ्या मंडळींपैकी हे एक, म्हणून नोकरीत असेपर्यंत दर सत्राला एक रात्र त्यांच्या हक्काची, समितीच्या गुणांबिगुणांची भानगड नाही. तारीखही तेच सांगायचे. आणि गेली बारा वर्षं, चोवीस रात्री, दर वेळी त्यांच्या नोंदवहीत एकच ओळ: ढग, घुमट उघडला नाही. चोवीसपैकी चोवीस. बाकीचे अर्जदार मला फोन करून विचारायचे, ढगोबांची तारीख कोणती, म्हणजे आम्हाला तिच्या आसपासची नको. आम्ही पोट धरून हसायचो. ऑगस्टमध्ये ते निवृत्त झाले, हक्क संपला, म्हणून पहिल्यांदा सगळ्यांसारखा अर्ज केला. बारा वर्षांत एक निष्कर्ष नाही म्हटल्यावर समितीने त्यांना तळाला टाकलं, त्यात नवल नव्हतं.

त्याच आठवड्यात वार्षिक अहवालाचं काम माझ्या गळ्यात पडलं. नवीन अध्यक्षांना ढगांमुळे वाया गेलेल्या रात्रींचा तक्ता हवा होता. शेजारच्या टेकडीवर हवामान खात्याचं एक यंत्र आहे, ते रात्रभर आभाळ मोजतं. मी त्यांचे आकडे मागवले आणि आमच्या नोंदवहीशेजारी मांडले. सगळं जुळत होतं. फक्त ढगोबांच्या रात्री जुळत नव्हत्या. चोवीसच्या चोवीस रात्री टेकडीवर आभाळ निरभ्र.

माझं डोकंच फिरलं. मी डोंगरावर दुर्बीणचालकाला फोन लावला. हा माणूस पंधरा वर्षं तिथे घुमट उघडतो आणि बंद करतो.

"ढग नव्हतेच, मॅडम," तो म्हणाला, जसं काही मी त्याला किती वाजले विचारलं होतं. "सर यायचे आणि म्हणायचे, आज ढग आहेत, तू जाऊन झोप."

"आणि तू झोपायचास?"

"एवढे मोठे सर ढग म्हणतात तर ढग. मला तेवढीच झोप मिळायची."

"आणि सर काय करायचे?"

"घुमटात बसून राहायचे. दिवे बंद करून. मला एकदा म्हणाले, आवाजसुद्धा करू नकोस." मग म्हणाला, "ती खोली त्या रात्री बरी वाटायची नाही, मॅडम. मी उगाच खोटं कशाला बोलू."

त्याच्या शेवटच्या वाक्याकडे मी लक्ष दिलं नाही. मी संतापले होते. चोवीस अंधाऱ्या रात्री. किती पोरांचे प्रबंध अडले असतील, किती जणांना मी याच टेबलावरून नाही म्हटलं असेल, आणि हा गृहस्थ घुमट लावून आत बसत होता. मी पेन घेतलं आणि नऊ नोव्हेंबरच्या चौकोनात एकतीस लिहिलं.

यादी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराला, ढगोबा समोर उभे. इस्त्रीचा शर्ट, हातात टोपी. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"मॅडम, नऊ तारीख मला द्या."

"का? पुन्हा ढग आणायचेत?" मी हवामानाचे आकडे त्यांच्यापुढे सरकवले. "चोवीस रात्री आभाळ स्वच्छ होतं. तुम्ही आम्हाला बारा वर्षं वेड्यात काढलंत."

त्यांनी कागदाकडे पाहिलंही नाही. "हो," म्हणाले. "तुम्ही मला काय म्हणता ते मला ठाऊक आहे. बरंच झालं ते. लोक त्या तारखांपासून लांब राहिले."

झेरॉक्सवाली मुलगी चहाला जाईपर्यंत ते थांबले, मग खुर्ची ओढून बसले आणि हळू आवाजात बोलायला लागले.

"बारा वर्षांपूर्वी, या चोवीस रात्रींच्या आधी, एकदा उघडला होता घुमट. सगळं नेहमीसारखं चाललं होतं. दार उघडं दिसलं की जाणारा माणूस सहज आत डोकावतो ना, मॅडम? तसं झालं. काहीतरी डोकावलं."

"काय?"

"ते मला विचारू नका. मी वाकून बघत होतो, आणि मग मी बघत नव्हतो, माझ्याकडे बघितलं जात होतं. बस्स. तेवढ्यात मी घुमट लावला. पण ओळख झाली ती झालीच. तेव्हापासून ते कधी यायचं असतं ते मला आधी कळतं. तारीख डोक्यात येऊन बसते, दात दुखायला लागतो तशी. तेवढी एक रात्र बंद ठेवली की ते पुढे निघून जातं."

"जगात काय एकच दुर्बीण आहे?" मी म्हटलं.

"बाकीच्या ठिकाणी चौकशी करा. प्रत्येक ठिकाणी एक ढगोबा सापडेल." ते हसले नाहीत. "मला देऊ नका हवं तर. दुरुस्तीला लावा. रंगकामाला लावा. फक्त त्या रात्री उघडू देऊ नका."

माझ्या मनात पाल चुकचुकली, हे मी नाकारत नाही. पण माझ्या डोळ्यांपुढे ताटाकडे बघत बसलेली माझी पोर होती. म्हातारपणी माणसाचं असं होतं, मी स्वतःला सांगितलं. आणि त्यांना सांगितलं की यादी लागली आहे, यादी बदलत नाही.

ते उठले. दारात थांबून एवढंच विचारलं, "कोण जाणार आहे?"

"ते गुप्त असतं," मी म्हणाले.

नऊ तारखेला लेक दुपारीच डोंगराकडे निघाली. सहा वर्षांत मी तिला एवढी खूश पाहिली नव्हती. बूट घालता घालता मला मिठी मारली आणि म्हणाली, "आई, तू काही केलं नाहीस ना गं?" मी म्हटलं, मी कशाला करीन, गप जा. त्या संध्याकाळी मी आमच्या गच्चीवर जाऊन आले. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आले तर ती परत आलेली होती. स्वयंपाकघरात उभी, खिडकीचा पडदा ओढून घेतलेला. मी विचारलं, "झालं का ग्रहण?"

"ढग होते," ती म्हणाली.

मी खुर्ची धरून बसले. ती माझ्याकडे बघत होती, शांतपणे, परकं माणूस नीट निरखून बघावं तशी. मग तिने मला पाणी दिलं आणि आत जाऊन झोपली.

मी चालकाला फोन केला. तो म्हणाला, "अडीचपर्यंत उघडा होता, मॅडम. ताई छान काम करत होत्या, गुणगुणत होत्या. मग गुणगुणणं थांबलं. मी आत गेलो तर त्या डोळे मिटून उभ्या होत्या, आणि दुर्बीण जिथे लावली होती तिथे नव्हती. सरळ डोक्यावर उभी होती. मी हात लावला नव्हता, ताई तर त्या बटणांपासून दहा पावलं लांब होत्या. म्हणाल्या, दादा, घुमट लावा आणि जाऊन झोपा, ढग आलेत."

"आणि?"

"मी लावला. पण मॅडम, सरांच्या वेळी तो कायम बंद असायचा. काल अडीच वाजेपर्यंत सताड उघडा होता."

चार दिवसांनी ढगोबा ऑफिसात आले. मी त्यांना ओळखलंच नाही आधी. दहा वर्षांनी तरुण दिसत होते, दाढी गुळगुळीत, आणि या खेपेला स्वतःहून खुर्चीवर बसले.

"मॅडम, मला पुढची तारीख कळत नाहीये," ते म्हणाले. "बारा वर्षांत पहिल्यांदा रात्रभर झोपलो. बायको म्हणते घोरलोसुद्धा." मग त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे आता ती दुसऱ्या कोणाला तरी कळत असणार. त्याला एकदा माझ्याकडे पाठवा. दिवसा कसं निभवायचं तेवढं सांगीन. कोण होतं त्या रात्री?"

मी त्यांना सांगितलं. बावीस वर्षांत मी कोणाचं नाव फोडलं नव्हतं. त्यांनी टोपी हातात फिरवली. मग म्हणाले, "तुम्हाला हे माहीत असतं तर तुम्ही मला ती रात्र दिली असती."

"तुम्ही मला सांगितलं होतं," मी म्हणाले. "मला माहीत होतं."

लेक आता नीट जेवते, बोलते, हसतेसुद्धा. प्रबंधाचं नाव काढत नाही. मार्चची नोंदणी जाऊ दे म्हणाली, डोंगरावर साहाय्यकाची जागा निघतेय तिथे अर्ज करते. मी रडले, चिडले, वाटेल ते बोलले. मी नियम मोडला तो तुझ्यासाठी, हेही सांगून टाकलं. ती म्हणाली, "मला माहीत आहे, आई. त्या रात्रीच कळलं." कसं कळलं ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

काल ती ऑफिसात आली आणि पुढच्या सत्राचा अर्ज माझ्यापुढे ठेवला. उद्देशाची जागा कोरी. तारखेच्या जागी एक रात्र, ठळक अक्षरांत. पुढच्या सत्राचं वेळापत्रक अजून मीसुद्धा आखलेलं नाही.

"ही मला दे," ती म्हणाली. "रेघेखाली असले तरी दे."

मी अर्जावरचं तिचं नाव काढलं आणि नंबर घातला. पुढच्या सत्राच्या कोऱ्या तक्त्यात त्या रात्रीच्या चौकोनात तो आत्ताच लिहून ठेवला, पेन्सिलीने नाही, पेनाने. ती निघून गेल्यावर मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले. ती अठ्ठावीस वर्षांची आहे. साठीपर्यंत धरलं तर चौसष्ट रात्री, एकही न चुकता, कोणीतरी तिच्यासाठी राखून ठेवायला हव्यात. आणि मी पुढच्या मे महिन्यात निवृत्त होते.