मागच्या उजव्या टायरचं म्हणणं

दोष बू-मर्जूकचा. वाळूचा नाही, उन्हाचा नाही, आणि ज्या पोरीच्या नावावर तो हे खपवतोय तिचा तर अजिबात नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण तो बोलायला लागला की चार माणसं माना डोलावतात. मी टायर आहे. मला डोलवायला मान नाही.

मी मागचा उजवा. कच्च्या रबरात तारांची जाळी घालून, साच्यात दाबून, वाफेवर शिजवून मला कारखान्यातून बाहेर काढलं. जन्म म्हणाल तर एवढाच, कुणी पेढे वाटले नाहीत. जहाजातून कुवेतला आलो आणि तिथल्या शुवैख भागातल्या एका गाळ्यात छतापर्यंतच्या राशीत पडून राहिलो. बू-मर्जूक आला, मला बुटाने एक लाथ घातली आणि म्हणाला, "हा मजबूत दिसतो." टायर लाथ मारून पारखणारी माणसं मी नंतर पुष्कळ पाहिली. लाथेतून त्यांना काय कळतं, ते मला आजवर कळलेलं नाही.

थंडी सरत आली की या लोकांना घर खायला उठतं. मग वाळवंटात तंबू ठोकायचे आणि शहरातलं सगळं तिथे ओढून न्यायचं. गालिचे, टीव्ही, जनरेटर, पाहुण्यांसाठी वेगळे कप. हे सगळं वाहून नेणार कोण? आम्ही चौघे. तरी एक कबूल करतो. पाऊस चांगला झालेला असला की ते वाळवंट बघण्यासारखं असतं. अरफजची झुडपं पिवळीधमक फुलतात, जमिनीवर हिरवी लव येते, आणि वाळूखाली फगा धरतो. फगा म्हणजे बटाट्याएवढं अळंबं. वर नुसती बारीक भेग दिसते, तीही नजर असेल तर. तो शोधायला अख्खं कुटुंब कंबरेत वाकून फिरतं. घरी एकमेकांशी न बोलणारी माणसं तिथे "इकडे ये, इकडे ये" म्हणून ओरडतात.

त्या शुक्रवारी गाडीत चौघं होती. स्टिअरिंगवर बू-मर्जूक, म्हणजे मर्जूकचा बाप. शेजारी त्याची बायको उम्म-मर्जूक, म्हणजे मर्जूकची आई. मागे थोरला मर्जूक, चाळिशीचा, बँकेत साहेब आणि बापासमोर तोंडात मिठाची गुळणी. आणि धाकटी वस्मिया, तेवीस वर्षांची. माझ्याजवळ वाकून, मीटर लावून हवा बघणारं त्या घरातलं ते एकच माणूस.

वाळूत शिरण्याआधी टायरातली हवा कमी करायची असते. पस्तीस पौंडांवरून पंधरावर. मग आम्ही पसरतो आणि गाडी वाळूवर तरंगल्यासारखी चालते. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

"बाबा, थांबा, हवा सोडते," वस्मिया म्हणाली.

"माझा आजा उंटावरून जायचा. त्या उंटाच्या पायातली हवा कुणी सोडत होतं का?"

"उंटाचा पाय मुळातच पसरट असतो, बाबा."

मर्जूक हसला. बापाने आरशातून बघितल्यावर त्याला खोकला आला.

पुढच्या दहा मिनिटांत गाडी रुतली. शहाणा माणूस पाय वर घेतो. बू-मर्जूकने पाय दाबला. जितका दाबला तितकं मी माझ्याच खाली खणत गेलो, पार आसापर्यंत. शेजारच्या तंबूतला बू-रशूद हातात चहाचा ग्लास घेऊन सावकाश चालत आला.

"विहीर खणतोयस होय, बू-मर्जूक? पाणी लागलं तर आम्हालाही दे हो!"

त्याच्या पाठोपाठ त्याचं सगळं खटलं बघायला आलं. वस्मिया कुणाला न विचारता खाली उतरली, माझ्या वॉल्वचं टोपण काढलं आणि काडीने पिन दाबली. बाकी तिघांचंही तसंच केलं. मग बापाला म्हणाली, "आता हळू." गाडी न कुरकुरता बाहेर आली.

"पोरीला चालवायला दे रे!" बू-रशूद ओरडला. "तू आपला फगा सोलत बस!"

सगळे हसले. उम्म-मर्जूकही हसली. बू-मर्जूकने खिडकीची काच वर घेतली. माझं मरण तिथेच ठरलं, पण मला ते तेव्हा कळलं नाही.

फगा टोपलीभर मिळाला. निम्म्याहून जास्त उम्म-मर्जूकने शोधला, टोपली मात्र बू-मर्जूकने स्वतःच्या हाताने गाडीत ठेवली. दुपारी परत डांबरी रस्त्याच्या कडेला आलो. आता आमच्यात हवा भरणं भाग होतं. पंधरा पौंडांवर डांबरावर भरधाव पळवलं की दर फेऱ्याला टायरची कूस दुमडते. दुमडून दुमडून तापते, आतल्या तारा रबर कापायला लागतात, आणि पुढे काय होतं ते सांगायला नको. वस्मियाने बॅटरीवर चालणारा छोटा पंप मांडीवर काढून ठेवला होता.

"बाबा, कडेला घ्या. हवा भरते."

"किती वेळ?"

"चारी मिळून अर्धा तास."

"अर्धा तास! तिकडे बैठकीत माणसं माझ्यासाठी थांबलीयत."

"मग साठच्या वर जाऊ नका."

"आता तू मला गाडी शिकव! सकाळी तुझं ऐकलं ना? हवा सोडलीस ना? मग तीच परत कशाला भरायची? बघ की, कशी मऊ मऊ चाललीय. तुझ्या आईचा डोळा लागला."

"डोळा नाही लागलेला," उम्म-मर्जूक डोळे मिटूनच म्हणाली. "भरू दे तिला."

"मर्जूक, तू तरी सांग ना," वस्मिया म्हणाली.

मर्जूकला सगळं कळत होतं. त्याच्या स्वतःच्या गाडीत तसलाच पंप आहे. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "बाबा बघतायत ना."

बाबा बघतायत. अशा वाक्यांवर घरंच्या घरं चालतात.

बाबांनी एकशे वीसवर घेतली. पहिले दहा किलोमीटर मी सोसलं. मग आत काहीतरी सुटायला लागलं, एकेक तार. मी गाडीला हादरे दिले, टायरला बोलायची दुसरी रीत नाही. वस्मिया ओरडली, "बाबा, मागे उजवीकडे काहीतरी होतंय, थांबवा!" बू-मर्जूकने रेडिओ मोठा केला.

मी फुटलो.

गाडी आडवी फिरली, कडेचा खांब घासून वाळूत गेली आणि धूळ उडवत थांबली. उम्म-मर्जूकचं मनगट मोडलं. बू-मर्जूक खाली उतरला. बायकोकडे गेला नाही. आधी माझ्याकडे आला आणि लाथ घालून म्हणाला, "बनावट माल!"

पोलिसालाही त्याने तेच सांगितलं. पोलीस तरुण होता. त्याने वाकून उरलेले तीन टायर दाबून पाहिले.

"काका, हेपण बनावट का? यांच्यात हवाच नाही."

तेव्हा हा पासष्ट वर्षांचा इज्जतदार माणूस पोरीकडे बोट दाखवून म्हणाला, "हवा हिने सोडली."

"सोडली मी," वस्मिया आईचा हात ओढणीने बांधता बांधता म्हणाली. "भरू कुणी दिली नाही, तेही सांगा. मर्जूक, बोल की!"

मर्जूक रस्त्यावर सांडलेला फगा गोळा करत होता.

तेव्हापासून वस्मियाला गाडीची किल्ली मिळत नाही, आणि वसंतात तिला तंबूवर आणत नाहीत. उम्म-मर्जूकही येत नाही. "पोर घरात आणि मी फुलं बघू?" असं तिने नवऱ्याला तोंडावर सांगितलं. आता तो बैठकीतली म्हातारी मंडळी घेऊन येतो. त्यांना फगा सापडत नाही. विकतचा आणतात.

मला त्याने टाकून दिलं नाही, हे दुर्दैव. त्याच्या तंबूची हद्द दाखवायला मला अर्धं वाळूत पुरलंय आणि पांढरा रंग फासलाय. फाटकी बाजू खाली, म्हणजे कुणाला दिसू नये. संध्याकाळी तो माझ्यावर पाय ठेवून पाहुण्यांना सांगतो, "पोरींचं ऐकलं की काय होतं, ते हे बघा." आणि पाहुणे माना डोलावतात.

मागच्या सीटवर बसणाऱ्यांनो, तुम्हाला कळत असेल तर बोला. एकदा नाही, गाडी थांबेपर्यंत बोला. मोठ्यांना राग येईल. येऊ द्या.

फुटलो तेव्हा मी अकरा महिन्यांचा होतो. अजून पाच वर्षं चाललो असतो.